थरारपटाची सुरुवात: विद्यार्थी-लघुपटाची पहिली दोन मिनिटे कोणत्या क्रमाने घडवावीत

विद्यार्थ्यांच्या थरारपटांची पहिली दोन मिनिटे बहुधा एकाच रीतीने वाया जातात. गजर वाजतो, पात्र उठून आरशात पाहते, पाम बीच रस्त्यावरून गाड्या धावताना दिसतात, या सगळ्याखाली गंभीर संगीत चालू असते आणि त्यावरून नावे सरकत राहतात. काही घडायला तिसरे मिनिट उजाडते, आणि तोपर्यंत प्रेक्षकाचे लक्ष उडालेले असते. याचे मूळ कामाच्या उलट्या क्रमात आहे. कॅमेरा हाती आला की आधी देखणे शॉट घेतले जातात, मग त्यांना जोडणारी गोष्ट शोधली जाते आणि उरलेली पोकळी संगीताने भरली जाते.

पुढे दिलेला क्रम ठाणे-नवी मुंबई परिसरातील महाविद्यालयीन गटांसाठी आहे. पाच-सहा जण, एक बरा मोबाइल किंवा मिररलेस कॅमेरा, ट्रायपॉड, वेगळा ध्वनिमुद्रक आणि चित्रीकरणासाठी एक-दोन रात्री एवढी साधने येथे गृहीत धरली आहेत. प्रसंगाची लांबी दोन मिनिटे मानली आहे. पहिले तीन टप्पे कॅमेऱ्याशिवाय करावयाचे आहेत, आणि नेमके तेच सर्वाधिक वगळले जातात.

## १. प्रश्न आधी लिहावा

सुरुवातीच्या प्रसंगाने प्रेक्षकाच्या मनात एक नेमका प्रश्न उभा करावा. ‘काहीतरी वाईट होणार आहे का?’ हा प्रश्न फार सैल आहे. त्यातून फक्त वातावरण मिळते. प्रश्नात एखादे माणूस, एखादी वस्तू आणि एखादी विसंगती असावी.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे. ठाण्याच्या वसंत विहारसारख्या भागातील सात मजली सोसायटी. एकटी राहणारी सायली रात्री नऊच्या सुमारास कामावरून परतते. गेटवरच्या रजिस्टरमध्ये तिच्याच फ्लॅटसमोर एका पाहुण्याची येण्याची वेळ लिहिलेली आहे. जाण्याची वेळ मात्र लिहिलेली नाही. घर सकाळपासून बंद आहे. तेव्हा प्रश्न असा: सायलीच्या बंद घरात गेलेला माणूस अजून आतच आहे का?

प्रश्न ठरला की त्यामागचे उत्तर दिग्दर्शकाने स्वतःसाठी लिहून ठेवावे, मग ते पडद्यावर कधी येवो वा न येवो. वरच्या उदाहरणात चौकस प्रेक्षक लगेच विचारेल की घरात कोणी नसताना वॉचमनने त्या माणसाला वर सोडलेच कसे. याला उत्तर हवे. समजा, वॉचमनने इंटरकॉम लावला आणि तो आतून उचलला गेला. म्हणजे पाहुण्याच्या आधीच घरात दुसरे कोणीतरी होते. हे उत्तर दोन मिनिटांत सांगावयाचे नाही, पण ते ठाऊक असल्यामुळे वॉचमनचे वागणे निर्धास्त असेल, संशयी नसेल, आणि अभिनेत्यालाही तसे सांगता येईल.

तपासणी: प्रश्न एका वाक्यात लिहून गटाबाहेरच्या व्यक्तीला वाचून दाखवावा. तिने ‘मग पुढे?’ असे विचारले तर पुढे जावे. ‘म्हणजे नेमके काय?’ असे विचारले तर वाक्य पुन्हा लिहावे.

## २. कोणाला काय ठाऊक आहे, याचा तक्ता करावा

हा संपूर्ण प्रक्रियेचा गाभा आहे आणि यावर निदान एक संध्याकाळ खर्च करावी. प्रेक्षकाला पात्रापेक्षा अधिक ठाऊक असेल तर ताण वाढत जातो. दोघांनाही एकाच क्षणी कळले तर धक्का बसतो आणि लगेच ओसरतो. पात्राला ठाऊक आहे पण प्रेक्षकाला नाही, अशी स्थिती असेल तर कुतूहल निर्माण होते. तिन्ही मार्ग योग्य आहेत; मात्र दोन मिनिटांच्या आत तिन्ही वापरले की कोणताच परिणाम टिकत नाही. एक निवडावा.

आपल्या उदाहरणात आपण पहिला मार्ग घेऊ. रजिस्टरमधली रिकामी जागा प्रेक्षकाला दिसते; सायली फोनवर बोलत, आपले पार्सल उचलत पुढे निघून जाते. तिला ती दिसली असती तर ती घाबरली असती, वॉचमनशी बोलली असती, आणि चित्रपट चौकशीच्या दिशेला वळला असता. एका नजरेच्या फरकाने सगळी पटकथा बदलते, म्हणून हा निर्णय चित्रीकरणाच्या रात्री अभिनेत्रीच्या अंदाजावर सोडू नये.

कागदावर तीन स्तंभ आखावेत: क्षण, प्रेक्षकाला काय ठाऊक, पात्राला काय ठाऊक. उदाहरणातील नोंदी अशा होतील.

- ० ते १२ सेकंद, सकाळ. काळ्या पडद्यावर दाराच्या लॅचमध्ये किल्ली दोनदा फिरण्याचा आवाज. मग दार, त्यावरचा क्रमांक, दूर जाणारी पावले. प्रेक्षकाला कळते की ती कुलूप दोन फेऱ्यांनी लावते.
- १२ ते ५५ सेकंद, गेट. सायली परतते. रजिस्टर दिसते. येथून प्रेक्षक तिच्या पुढे जातो.
- ५५ ते १०५ सेकंद, जिना. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकलेली आहे, तेथे कोणीतरी दार नीट लावलेले नाही. ती जिन्याने चढते. तिला केवळ वैताग आहे. प्रेक्षकाला तिसरा मजला तिचाच आहे हे सकाळच्या शॉटपासून ठाऊक आहे.
- १०५ ते १२० सेकंद, दार. किल्ली एकदाच फिरते आणि दार उघडते. आता दोघांनाही कळले. येथे तोडावे आणि शीर्षक आणावे.

शेवटचा क्षण परिणाम करतो तो पहिल्या बारा सेकंदांतील पेरणीमुळे. विद्यार्थी-लघुपटांत बहुतेक वेळा शेवटची विसंगती असते, पण सामान्य स्थिती दाखवलेलीच नसते. दार एका फेऱ्यात उघडणे विचित्र आहे हे समजण्यासाठी ते रोज दोन फेऱ्यांनी बंद होते हे आधी कळायला हवे.

खबरदारी: खुणा वाढवत नेऊ नयेत. रजिस्टर, लिफ्ट आणि कुलूप या तीन खुणा दोन मिनिटांना पुरेशा आहेत. त्यांत अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन, भिंतीवरचा डाग आणि खिडकीतील सावली यांची भर पडली की प्रेक्षकाला कशावर विश्वास ठेवावा हे उमगत नाही.

## ३. शॉटच्या आधी आवाज लिहावा

पटकथेच्या प्रत्येक ओळीपुढे तेथे ऐकू येणारा आवाज लिहावा. पात्राच्या वाट्याला अजून न आलेली गोष्ट आवाज आधी सांगू शकतो, आणि त्यासाठी वेगळा खर्च येत नाही. आपल्याकडच्या जुन्या जाळीच्या लिफ्टमध्ये दार उघडे राहिले की ते बंद करण्याची ध्वनिमुद्रित सूचना पुन्हा पुन्हा वाजत राहते. सायली जिना चढत असताना ती सूचना वरून, प्रत्येक मजल्यागणिक थोडी मोठी होत ऐकू आली, तर तिसरा मजला जवळ येत असल्याचे वेगळे दाखवावे लागत नाही. शेजारच्या दाराआडून येणारी मालिका, कुकरची शिट्टी, जिन्यातील ट्यूबलाइटचा चोक गुणगुणणे हे सर्व याच यादीत यावे. तिसऱ्या मजल्यावर पोचताच यांतील कोणता आवाज थांबेल, हेही येथेच ठरवावे.

## ४. जागा आणि परवानग्या

जागा पाहायला ज्या वेळी चित्रीकरण करावयाचे आहे त्याच वेळी जावे. दुपारी शांत वाटलेला जिना रात्री नऊला शिकवणीहून परतणाऱ्या मुलांनी भरलेला असतो, आणि पाण्याचा पंप नेमका कधी सुरू होतो हे तेथे तासभर थांबल्याशिवाय कळत नाही. डोळे मिटून पाच मिनिटे केवळ ऐकावे. घोडबंदर रस्त्यालगतच्या इमारतीत अवजड वाहनांचा घोंघाट, ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर मार्गाजवळ दर काही मिनिटांनी जाणारी लोकल, गणपती आणि नवरात्रात ध्वनिक्षेपक, असे प्रत्येक जागेचे आणि हंगामाचे वेगळे दुखणे असते. जून ते सप्टेंबरमध्ये बाहेरचे प्रसंग ठेवले तर एका शॉटमध्ये ओला रस्ता आणि दुसऱ्यात कोरडा असे होणारच, हे धरून चालावे.

परवानग्यांबाबत गट बऱ्याचदा ‘विद्यार्थी आहोत, कोणी काही म्हणणार नाही’ या भरवशावर राहतात. तो भरवसा अर्ध्या रात्री तुटतो आणि उरलेले शॉट कधीच होत नाहीत.

सोसायटी. सचिवांच्या नावे महाविद्यालयाच्या पत्रशीर्षावर विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र द्यावे. त्यात तारीख, वेळ, माणसांची संख्या, वापरावयाच्या जागा आणि वीज कोठून घेणार हे लिहावे. सचिवांची सही झालेली प्रत गेटवर ठेवावी, कारण दिवसपाळीच्या वॉचमनला सांगितलेले रात्रपाळीच्या वॉचमनला ठाऊक असेलच असे नाही. चित्रीकरणाच्या दोन दिवस आधी लिफ्टशेजारच्या फलकावर सूचना लावावी. प्रसंगात किंकाळी असेल तर त्या मजल्यावरच्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगावे; अन्यथा कोणीतरी ११२ क्रमांक फिरवेल, आणि ते योग्यच असेल.

रस्ता, तलावपाळी, उपवन. सार्वजनिक जागेसाठी त्या हद्दीचे पोलीस ठाणे आणि जागेची मालकी असलेली महापालिका, अशा दोन्ही ठिकाणी लेखी अर्ज करावा. राज्यात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजनाही आहे. खेळण्यातले पिस्तूल किंवा सुरा वापरावयाचा असेल तर अर्जात तसे स्पष्ट लिहावे, आणि ती वस्तू शॉट सुरू होईपर्यंत पिशवीत बंद ठेवावी.

रेल्वे स्थानके. वाशी किंवा बेलापूरसारख्या स्थानकांच्या मोठ्या, रिकाम्या मार्गिका थरारपटासाठी मोह घालतात. त्या इमारती सिडकोने उभारल्या असल्या तरी फलाट आणि लोहमार्ग रेल्वेच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे तेथे रेल्वेच्या परवानगीशिवाय कॅमेरा लावू नये. रुळांवर किंवा फलाटाच्या कडेला शॉट घेणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

येऊर आणि खाडी. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तेथे बिबट्यांचा वावर आहे आणि चित्रीकरणाला वन विभागाची परवानगी लागते. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य आणि भोवतालची कांदळवने यांनाही संरक्षण आहे. रात्रीचे दिवे आणि धूर तेथे नेऊ नयेत.

ड्रोन. उलवे येथे नवी मुंबईचा विमानतळ झाल्यापासून या परिसरात उड्डाणाआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-मंचावरील नकाशा पाहणे अनिवार्य समजावे. माझे स्पष्ट मत असे की, दोन मिनिटांच्या थरारात ड्रोनचा शॉट बहुधा नुकसानच करतो: प्रेक्षक पात्राच्या मागे अडकलेला असताना त्याला आकाशात नेऊन मोकळे करण्यात काय साधते?

## ५. शॉटची यादी आणि स्थिरचित्रांचा कच्चा चित्रपट

आता शॉटची यादी करावी. दोन मिनिटांसाठी २५ ते ३५ शॉट हा व्यवहार्य आकडा आहे. एका रात्रीत त्याहून अधिक शॉट नीट प्रकाशयोजना करून घेता येत नाहीत. प्रत्येक शॉटपुढे चार गोष्टी लिहाव्यात: चौकटीत काय आहे, कॅमेरा कोठे आहे, आवाज कोणता आहे, आणि हा शॉट तक्त्यातील कोणती माहिती देतो. चौथा रकाना रिकामा राहिलेला शॉट काढून टाकावा.

सायली आणि वॉचमन समोरासमोर असताना त्या दोघांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरून कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवावा. रेषा ओलांडली की दोघे एकाच दिशेला पाहत असल्यासारखे दिसतात. जिन्यातही हाच नियम वेगळ्या रूपात येतो: ती पहिल्या मजल्यावर डावीकडून उजवीकडे चढत असेल तर वळणाचा शॉट दाखवल्याशिवाय दिशा बदलू नये, नाहीतर ती परत खाली निघाली असे वाटते.

रजिस्टरचा इन्सर्ट, म्हणजे केवळ त्या वस्तूचा जवळून घेतलेला शॉट, सर्वांत काळजीपूर्वक आखावा. सोसायटीचे खरे रजिस्टर वापरू नये. त्यात लोकांची खरी नावे आणि मोबाइल क्रमांक असतात. बाजारातून तसेच लांबट रजिस्टर आणून दिनांक, नाव, फ्लॅट क्रमांक, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही असे रकाने आखावेत, आणि तीन-चार वेगवेगळ्या व्यक्तींकडून वेगवेगळ्या पेनांनी ते भरून घ्यावे. सर्व ओळींत दोन्ही वेळा लिहाव्यात. एकाच ओळीत दुसरी जागा कोरी ठेवावी. वॉचमनचे पेन त्या कोऱ्या चौकोनाकडे टोक करून पडलेले असले की नजर आपोआप तेथे जाते. चौकटीत तीनपेक्षा जास्त ओळी दिसू नयेत. मजकूर शांतपणे दोनदा वाचून होईल इतका वेळ शॉट टिकावा. दिग्दर्शकाला तो पाठ असल्यामुळे हा वेळ त्याला नेहमी जास्त वाटतो.

यादी झाली की प्रत्यक्ष जागी जाऊन प्रत्येक शॉटचे मोबाइलवर एक छायाचित्र घ्यावे. अभिनेत्रीऐवजी गटातील कोणीही उभे राहिले तरी चालते. ती छायाचित्रे संकलनाच्या प्रणालीत ठरलेल्या सेकंदांइतकी लावून खाली कच्चे आवाज टाकावेत. हे काम एका दुपारचे आहे.

तपासणी: हा छायाचित्रांचा कच्चा चित्रपट काही न सांगता तीन जणांना दाखवावा आणि ‘तुम्हाला काय कळले?’ एवढेच विचारावे. रजिस्टरमधली कोरी जागा तिघांपैकी दोघांच्याही लक्षात आली नाही, तर चित्रीकरणाची तारीख पुढे ढकलावी. छायाचित्रांत न कळलेली गोष्ट हलत्या चित्रांत अधिक कळत नाही.

## ६. कॅमेऱ्याची आणि ध्वनीची चाचणी

चाचणी चित्रीकरणाच्याच जागी, त्याच दिव्यांखाली करावी. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. मोबाइल मुळात बहुधा सेकंदाला ३० फ्रेम (चित्रे) घेतो आणि शटरचा, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी प्रकाश आत घेण्याचा, वेळ स्वतःच ठरवतो. त्यात ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसू शकतात. २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवावे. काही स्वस्त एलईडी दिवे या मापातही लुकलुकतात. ते चाचणीतच ओळखून सोसायटीच्या परवानगीने बदलावेत.

मोबाइलवर फोकस, एक्स्पोजर (प्रकाशाचे प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) हाताने ठरवून कुलूपबंद करावेत, उजेड-अंधार आपोआप सावरणारे एचडीआर बंद ठेवावे आणि फोन फ्लाइट मोडवर टाकावा. अनेक मोबाइल फ्रेमचा वेग स्वतःच कमी-जास्त करतात. त्यामुळे वेगळा मुद्रित केलेला आवाज शॉटच्या शेवटी ओठांशी जुळत नाही. वेग स्थिर ठेवणारे ॲप वापरावे, किंवा संकलनापूर्वी सर्व फायली स्थिर वेगात रूपांतरित कराव्यात.

रात्र म्हणजे अंधार, ही समजूत सोडावी. सगळा जिना काळोखात ठेवून नंतर उजळ करण्याचा प्रयत्न केला की चित्रात दाणे पडतात. चेहऱ्याच्या एका बाजूला पुरेसा प्रकाश द्यावा आणि मागची भिंत अंधारात सोडावी. समोर थर्माकोलची पांढरी शीट धरून छायेकडच्या डोळ्यात थोडी चमक आणावी. इमारतीचा बाहेरचा शॉट सूर्यास्तानंतर लगेच घ्यावा, जेव्हा आकाशात निळसर उजेड शिल्लक असतो. आपल्याकडे हा अवधी वीस-पंचवीस मिनिटांचाच असतो. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास. कॅमेरा अर्धा तास आधी लावून तयार असावा.

ध्वनी ४८ किलोहर्ट्झवर मुद्रित करावा आणि संवादांची उंची उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावी. ध्वनी सांभाळणाऱ्याने पूर्ण वेळ हेडफोन लावूनच बसावे. पडद्यावरची पट्टी हलते आहे म्हणजे आवाज चांगला येतो आहे असे नव्हे.

## ७. चित्रीकरणाची रात्र

आदल्या दिवशी सर्वांना कॉल शीट पाठवावी: कोण, कोठे, किती वाजता, कोणत्या कपड्यांत, जेवण केव्हा, आणि काम संपल्यावर प्रत्येकजण घरी कसा पोचणार. शेवटची लोकल गाठावयाची असेल तर संपण्याची वेळ तिच्या तासभर आधीची ठेवावी. मुली उशिरा परतणार असतील तर वाहनाची सोय आधीच ठरलेली असावी.

शॉट गोष्टीच्या क्रमाने घेऊ नयेत. बाहेरचा निळा उजेड प्रथम, मग गेट, मग जिना, शेवटी दार. गेट आधी उरकल्याने वॉचमनची भूमिका करणारा कलाकार लवकर मोकळा होतो. सकाळचे दार मात्र दुसऱ्या दिवशी खऱ्या उजेडातच घ्यावे. निळ्या-पांढऱ्या दिव्यांनी केलेली सकाळ विद्यार्थ्यांच्या साधनांत पटत नाही.

प्रत्येक शॉटपूर्वी क्लॅप द्यावा, म्हणजे पाटी आपटावी; त्यावरून नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. पाटी नसेल तर शॉट क्रमांक मोठ्याने सांगून कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी. कॅमेरा सुरू झाल्यावर पाच सेकंद थांबून ‘अ‍ॅक्शन’ म्हणावे आणि ‘कट’ म्हणण्यापूर्वीही पाच सेकंद जाऊ द्यावेत. संकलनात नेमके हेच सेकंद कमी पडतात.

सातत्यासाठी एका व्यक्तीला दुसरे कोणतेही काम देऊ नये. पार्सल कोणत्या हातात, बॅगेचा पट्टा कोणत्या खांद्यावर, किल्ली कोणत्या बोटात, हे प्रत्येक शॉटअखेर छायाचित्र काढून नोंदवावे. जिन्याच्या शॉटमध्ये घाम आणि श्वासाची लय यांचेही सातत्य लागते. अभिनेत्रीला तिसऱ्या मजल्याच्या शॉटपूर्वी खरोखर एक मजला चढून यायला सांगावे.

घरात ध्वनिमुद्रण करताना पंखा आणि फ्रिज बंद करावा लागतो. फ्रिज बंद केला की गटातील कोणाच्या तरी स्कूटरची किल्ली त्यात ठेवावी, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय कोणी निघत नाही.

तपासणी, जागा सोडण्यापूर्वी: प्रत्येक जागेचा किमान एक मिनिट निव्वळ शांततेचा आवाज मुद्रित झाला का? किल्ली एकदा फिरण्याचा आणि दोनदा फिरण्याचा आवाज माईक अगदी जवळ धरून वेगळा घेतला का? लिफ्टची सूचना चारही मजल्यांवरून घेतली का? ही तीन कामे पंधरा मिनिटांची आहेत. ती राहिली तर पुन्हा सगळी परवानगी काढावी लागते.

## ८. फायली

त्याच रात्री फायलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर कराव्यात, आणि त्या दोन वेगवेगळ्या घरी जाव्यात. दोन्ही प्रतींतील काही शॉट शेवटपर्यंत चालवून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये. व्हॉट्सॲपवरून शॉट पाठवू नयेत. त्यांचा दर्जा घटतो.

## ९. संकलन: संगीताशिवाय

पहिले संकलन संगीताविना करावे आणि तसेच पूर्ण करावे. संगीत आधी लावले की कमकुवत शॉटही ताणलेला वाटतो आणि खरी अडचण झाकली जाते. कच्च्या चित्रपटाच्या जागी एकेक खरा शॉट बसवत जावे, मग लांबी तपासावी.

लय सर्वत्र वेगवान करू नये. गेटवर कट सैल असू द्यावेत, कारण सायलीसाठी ही रोजची संध्याकाळ आहे. जिन्यात प्रत्येक मजल्याचा वेळ आधीच्यापेक्षा थोडा कमी करावा. दाराशी मात्र उलट करावे: किल्ली बाहेर काढण्यापासून फिरवण्यापर्यंतचा शॉट न तोडता चालू द्यावा. ताण वाढवण्यासाठी अनेक गट येथे पाच-सहा तुकडे करतात, आणि त्यामुळे किल्ली एकदाच फिरली हे कोणालाच दिसत नाही.

रजिस्टरचा इन्सर्ट आणि त्यानंतरचा सायलीचा शॉट यांचा क्रम पुन्हा पाहावा. रजिस्टरनंतर लगेच तिचा चेहरा आला तर तिनेही ते पाहिले असा अर्थ होतो. मध्ये तिची निघून जाणारी पाठ असावी.

## १०. ध्वनी आणि संगीत

आवाजांचे थर खालून वर रचावेत: आधी प्रत्येक जागेची शांतता सलग पसरावी, मग पावले, किल्ल्या, कपड्यांची सळसळ, मग दूरचे आवाज, आणि सर्वांत शेवटी संगीत. पहिल्या दोन फेऱ्यांचा आणि शेवटच्या एका फेऱ्याचा आवाज हुबेहूब त्याच मुद्रणातून घ्यावा. तेव्हाच कान तो ओळखतो. शेवटच्या फेऱ्यापूर्वी दोन सेकंद तरी संगीत पूर्ण थांबलेले असावे.

खबरदारी: चित्रपटगीताचा दहा सेकंदांचा तुकडा मोफत असतो, हा समज चुकीचा आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतात. महाविद्यालयातील संगीताच्या विद्यार्थ्याकडून हार्मोनियमच्या एका सुराचे किंवा तंबोऱ्याच्या एका तारेचे मुद्रण करून घेऊन, त्याची लेखी संमती जपून ठेवावी.

## ११. नावे

नावे कमी ठेवावीत: निर्मिती, दोन कलाकार, लेखन-दिग्दर्शन. बाकीची शेवटी घ्यावीत. रजिस्टरच्या आणि दाराच्या शॉटवर एकही अक्षर नसावे, कारण प्रेक्षक चित्र पाहण्याआधी मजकूर वाचतो.

देवनागरी अक्षरांची येथे हमखास दुर्दशा होते. संकलनप्रणालीत दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची मजकूर-मांडणी निवडलेली नसेल तर जोडाक्षरे तुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. अक्षरांमधील अंतर वाढवले की शिरोरेषेला भेगा पडतात. इंग्रजी थरारपटांतील विरळ अक्षरांची नक्कल म्हणून करू नये. एकेक अक्षर उमटवण्याऐवजी पूर्ण शब्द एकदम आणावा. मुक्त, नोटो सान्स देवनागरी किंवा टिरो देवनागरी मराठी हे टंक मुक्त परवान्यावर मिळतात. निवडलेल्या टंकात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ तसेच ‘ऱ्य’ नीट उमटतात का, हे गटातील सर्वांची नावे लिहून पाहावे.

## १२. सभागृहातील चाचणी

तयार फाइल महोत्सवाच्या दिवशी प्रथमच मोठ्या पडद्यावर लावू नये. पेनड्राइव्हवर घेऊन महाविद्यालयाच्या सभागृहात आधी चालवून पाहावी. प्रोजेक्टरवर काळा रंग राखाडी होतो आणि अंधारातील तपशील विरून जातो. संगणकावर स्पष्ट दिसणारा जिना तेथे नुसता मळकट दिसू शकतो. शेवटच्या रांगेत बसून रजिस्टरची ओळ वाचता येते का आणि किल्लीचा आवाज पंख्यांच्या घरघरीतून ऐकू येतो का, एवढे पाहावे. दोन्हींपैकी एखादे जमत नसेल तर फक्त तो शॉट उजळावा किंवा तो आवाज वाढवावा, संपूर्ण प्रसंगाला हात लावू नये, आणि नवी फाइल त्याच सभागृहात पुन्हा लावून पाहावी.